यामाहा पॅसिफिका ११२व्ही: रचना, सेटअप, आणि काय बदलावं, काय नाही

तारसप्तक

नमस्कार मंडळी. "पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणती घेऊ" असं कुणी विचारलं की जी चार-पाच नावं पुढे येतात त्यांत पॅसिफिका ११२व्ही असतेच. चांगली आहे एवढं सगळेच सांगतात. ती कशामुळे चांगली आहे आणि यामाहानं पैसे नेमके कुठे वाचवले आहेत यावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा धागा.

पॅसिफिका मालिका १९९० सालची. आराखडा यामाहाच्या कॅलिफोर्नियातल्या गिटार विभागात तयार झाला. घराणं स्ट्रॅटोकास्टरचंच, पण शिंगांची खाच खोल आहे, त्यामुळे २२व्या फ्रेटपर्यंत हात बऱ्यापैकी सहज पोचतो. जॅक (केबल लावायचं भोक) स्ट्रॅटसारखा पुढच्या बाजूला होडीच्या आकाराच्या पट्टीत नाही, बॉडीच्या कडेला आहे. ११२व्ही इंडोनेशियात बनते. चेन्नईजवळच्या कारखान्यात यामाहा कीबोर्ड आणि अकूस्टिक गिटार करते, त्यामुळे "आता ही पण मेड इन इंडिया झाली ना?" असं दुकानात ऐकू येतं. तसं नाही.

मोजमापं: स्केल ६४८ मिमी म्हणजे साडेपंचवीस इंच, फ्रेट २२, नटची (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खोबणी असलेली पट्टी) रुंदी ४१ मिमी, फिंगरबोर्डची त्रिज्या ३५० मिमी. बॉडी आल्डरची, नेक मेपलचा आणि बोल्ट-ऑन, फिंगरबोर्ड रोझवूडचा (व्हीएम प्रकारात मेपलचा). पिकअप एचएसएस: नेक आणि मिडलला सिंगल कॉइल, ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), तिन्ही अल्निको ५ चुंबकांचे. पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन. टोनचा नॉब वर ओढला की हंबकरचं एक कॉइल बाद होतं (यालाच कॉइल स्प्लिट म्हणतात, आणि अशा ओढायच्या पॉटला पुश-पुल). ब्रिज सहा स्क्रूंचा व्हिंटेज धर्तीचा ट्रेमोलो (आर्म म्हणजे दांडी दाबून सूर हलवणारा), पण सॅडल (ज्यांवर तारा टेकतात ते तुकडे) वाकवलेल्या पत्र्याचे नसून भरीव ठोकळ्यांचे.

यातली त्रिज्या फार महत्त्वाची आणि तिचीच चर्चा सगळ्यांत कमी. ३५० मिमी म्हणजे पावणेचौदा इंच, अर्थात बऱ्यापैकी सपाट. फेंडरच्या नेहमीच्या साडेनऊ इंची बोर्डावर तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला की तार बोर्डाच्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. इथे तो त्रास बराच कमी. मींड काढायची सवय असलेल्यांना, म्हणजे दोन-अडीच स्वर एका दमात ओढणाऱ्यांना, हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पैसे वाचवलेत ते ट्रेमोलोचा ब्लॉक, नट, पॉट-स्विच-जॅक आणि कारखान्यातून निघतानाचा सेटअप यांत. लाकूड, नेक आणि फ्रेटचं काम या किमतीच्या मानानं वरच्या दर्जाचं आहे. माझं मत सरळ आहे: ही गिटार घेतल्यावर पहिलं वर्षभर एकही पार्ट बदलू नये. नट, स्प्रिंगा, नेकचा बाक आणि पिकअपची उंची एवढं जागेवर आलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. मतभेद असतील तर लिहा, त्यासाठीच धागा आहे.

निवांत_बेसूर

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका: ०१२, ११२जे आणि ११२व्ही या तिघींत नक्की फरक काय? दुकानदार म्हणतो "सेमच आहे सर, फक्त कलर वेगळा".

तारसप्तक

@निवांत_बेसूर, सेम नाही. ०१२ ची बॉडी अगाथिसची, जे आणि व्ही या दोन्हींची आल्डरची. जे ला कॉइल स्प्लिट नाही, पिकअपही वेगळे. जे चं हार्डवेअर साधं आहे, व्ही चे सॅडल ठोकळ्यांचे आहेत. तीन गिटारी शेजारी ठेवल्या तर सगळ्यांत मोठी उडी जे ते व्ही ही आहे, ती मुख्यतः पिकअपमुळे. ०१२ घेऊन मग पिकअप बदलायचा विचार असेल तर हिशेब जमत नाही. तिन्ही पिकअप, पुश-पुल पॉट आणि मजुरी धरली की व्ही पेक्षा महाग पडतं.

नावात एच असेल तर ती बिनट्रेमोलोची; १२०एच ला शिवाय दोन हंबकर. रंग एकच दिसतो म्हणून घाईत उचलू नका, हेडस्टॉकवरचा मॉडेल नंबर वाचा.

आल्डरपुराण

लाकडावरून भांडण सुरू व्हायच्या आधीच मुद्दा मांडतो. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात बॉडीच्या लाकडाचा वाटा पिकअप, पिकअपची उंची, तारा आणि अँप यांच्यापुढे अगदी थोडा. आल्डरचा फायदा वेगळा आहे: वजन बेताचं, आणि स्क्रू घट्ट धरतं. ट्रेमोलोचे सहा स्क्रू, पट्ट्याची बटणं, नेकचे चार स्क्रू वर्षानुवर्षं त्याच भोकांत राहायला हवेत. मऊ लाकडात पट्ट्याचं बटण लवकर ढिलं होतं. झालंच तर टूथपिकचे दोन-तीन तुकडे लाकडाच्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात बसवायचे, रात्रभर वाळू द्यायचं आणि स्क्रू परत लावायचा.

अवांतर: रोझवूड म्हणजे आपलं शिसवी ज्या कुळातलं तेच, डाल्बर्जिया. २०१७ साली हे सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आलं आणि बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त मॉडेलांवर दुसरी लाकडं लावायला सुरुवात केली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या मधल्या काळातली वेगवेगळ्या कंपन्यांची गिटार जुन्या बाजारात घेताना बोर्ड कशाचा आहे ते बघून घ्या. वाजवायला फार फरक नाही, पण विकणारा रोझवूडचे पैसे मागत असतो.

पाव_मिमी

सेटअपवर सविस्तर लिहितो. क्रम पाळा. पाळला नाही तर एक गोष्ट नीट करताना दुसरी बिघडेल आणि तुम्ही गोल गोल फिरत बसाल.

हत्यारं: सोबत आलेल्या ऍलन की, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, फीलर गेज (मोटारसायकलच्या टॅपेटसाठी मिळतो तोच), कॅपो, ट्यूनर.

आधी नव्या तारा. कारखान्यातून ०९-४२ (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) येतात, सुरुवातीला त्याच जाडीच्या ठेवा. खुंट्यांवर तारेचे दोन ते तीन वेढे पुरेत. तार खुंटीतून ओढल्यावर ५-६ सेंमी सैल सोडा, म्हणजे तेवढेच वेढे बसतात. सहा-सात वेढे असतील तर सूर उतरणारच, आणि दोष मात्र बिचाऱ्या ट्यूनरला लागतो. सूर लावून प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ हलकेच वर ओढून ताणा, परत सूर लावा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा.

मग ट्रेमोलो. मागचं झाकण उघडा, तीन स्प्रिंगा आणि त्यांना धरणारा पंजा दिसेल. पंजाचे दोन स्क्रू लाकडात जातात. ब्रिज तरंगता हवा असेल तर प्लेटची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी वर असावी. जास्त वर असेल तर दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा घट्ट करा, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. सूर न लावता मोजलेलं माप निरुपयोगी, कारण ब्रिजची जागा तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर ठरते.

तिसरं, नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर सहावी (सगळ्यांत जाड) तार दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट फीलर गेजनं मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) घट्ट करायचा: हेडस्टॉककडून बॉडीकडे बघताना घड्याळाच्या दिशेनं. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. त्यानंतर सूर लावा आणि तासाभरानं परत मोजा, लाकूड सावकाश सरकतं. रॉडचा नट फिरायलाच तयार नसेल तर जोर लावू नका, तिथून पुढे कारागिराचं काम.

चौथं, तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत: पहिली तार १.६ मिमी, सहावी २ मिमी. सॅडलला दोन-दोन बारीक ऍलन स्क्रू आहेत, दोन्ही सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरका बसतो. मधल्या तारा बोर्डाच्या गोलाईप्रमाणे थोड्या वर हव्यात. ३५० मिमी त्रिज्येला हा फरक ब्रिजवर जेमतेम १ मिमी भरतो. दुसऱ्या गिटारचं बघून, डोळ्यांनी कमान करायला गेलात तर तिसरी-चौथी तार विनाकारण उंच राहते. पॅसिफिकावर ही चूक सर्रास दिसते.

पाचवं, इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर एक यायला हवा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल नटपासून दूर, उतरा येत असेल तर जवळ. मागे सरकवायच्या आधी तार सैल करा. सहाव्या तारेचा सॅडल मागे जायला जागाच उरली नाही, स्प्रिंग पूर्ण दाबली गेली, असं झालं तर स्प्रिंगची दोन-तीन वेटोळी कापून टाका. गिटारमध्ये दोष आहे असं समजू नका.

सहावं आणि शेवटचं, पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून: सिंगल कॉइल सहाव्या तारेखाली ३ मिमी, पहिलीखाली २ ते २.५. हंबकर सहावीखाली २ ते २.५, पहिलीखाली १.५ ते २. अल्निको ५ च्या सिंगल कॉइलमध्ये ध्रुव म्हणजे खुद्द चुंबकच, त्यामुळे पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर तो तार ओढतो. बाराव्या फ्रेटच्या वर जाड तारेवर एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखा डुगडुगता आवाज येतो. इंटोनेशन कितीही केलं तरी जमत नाही अशी तक्रार असेल, तर आधी नेक पिकअप खाली करून बघा.

निवांत_बेसूर

बापरे, हे तर प्रिंट काढून भिंतीवर लावण्यासारखं आहे. ट्रेमोलो अजिबात वापरायचा नसेल तर?

टेलीप्रेमी

मग तरंगता ठेवूच नका. पंजाचे स्क्रू घट्ट करून प्लेट बॉडीला टेकवा. तीन स्प्रिंगांनी टेकत नसेल तर चौथी लावा. फायदे: एक तार तुटली तरी बाकीच्या बेसूर होत नाहीत, ड्रॉप डी (सहावी तार ई वरून डी ला उतरवणं) करताना पूर्ण गिटार परत लावावी लागत नाही, आणि डबल-स्टॉप (दोन तारा एकदम) वाजवताना एकीला बेंड दिला तरी दुसरी उतरत नाही. आर्म खाली दाबता येतोच, वर ओढता येत नाही इतकंच. नवशिक्यांसाठी हाच सेटअप. तरंगता ब्रिज हवा असं वाटणाऱ्या दहांतले नऊ जण आर्म काढून बॅगेत टाकतात.

पाव_मिमी

सहमत, एक दुरुस्ती. टेकवल्यावर सॅडल थोडे खाली येतात म्हणजे तारांची उंची कमी होते. म्हणून हा निर्णय पहिल्या पायरीलाच घ्या. सगळा सेटअप झाल्यावर ब्रिज टेकवला तर चौथ्या पायरीपासून परत.

कथील_आणि_डाग

इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे.

हंबकरमध्ये दोन कॉइल मालिकेत जोडलेली असतात. त्यांच्या जोडावरून एक वायर निघून पुश-पुल पॉटच्या स्विचला जाते. नॉब ओढला की हा जोड थेट अर्थला टेकतो, एका कॉइलची दोन्ही टोकं अर्थवर येतात आणि ते गप्प होतं. उरलेलं एक कॉइल वाजतं. परिणाम तीन: आवाज पातळ आणि मोकळा, पातळी कमी (तारेचे वेढे निम्मे झाले), आणि हंबकरनं दाबलेली ५० हर्ट्झची गुणगुण परत हजर. ती गुणगुण बिघाड नाही. हा बदल फक्त ब्रिज आणि ब्रिज-मिडल या दोन जागांवर कळतो. उरलेल्या तीन जागांवर हंबकर जोडलेलाच नसतो, तिथे नॉब ओढून काही होत नाही.

स्प्लिट केल्यावर खऱ्या स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपसारखा आवाज येईल ही अपेक्षा ठेवू नका. हंबकरच्या कॉइलमध्ये ध्रुव लोखंडी असतात आणि चुंबक खाली आडवा, सिंगल कॉइलमध्ये ध्रुवच चुंबक. बांधणी वेगळी, आवाज वेगळा. ११२व्ही च्या स्प्लिटचा खरा उपयोग ब्रिज-मिडल जागेवर आहे. तिथे तो टणक, स्वच्छ आवाज देतो, आणि फंक किंवा हिंदी गाण्यांतल्या बारीक तालाला तो नेमका बसतो.

स्प्लिट करताना पातळी फारच पडते असं वाटत असेल तर एक स्वस्त उपाय: जोड थेट अर्थला न नेता मधे एक रेझिस्टर टाका. २.२ किलोओहमपासून सुरुवात करा. दुसरं कॉइल थोडंसं जिवंत राहतं, पातळी भरते, गुणगुणही किंचित कमी होते. रेझिस्टर जितका मोठा तितकी स्प्लिटची धार बोथट.

नॉब ओढताना नॉबच निघून हातात येतो आणि पॉट जागच्या जागी, ही नेहमीची तक्रार. शाफ्टच्या दोन पाकळ्यांत सपाट स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून त्या केसभर फाकवा. अगदी केसभरच, पाकळी मोडली की पॉट बदलावा लागतो. बोटं घसरत असतील तर नॉबच्या बुडाशी बारीक रबरी रिंग बसवा.

खरखर सुरू झाली तर पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आणि वीस-तीस वेळा फिरवणं. कॉन्टॅक्ट क्लीनरच हवा, गंज सोडवायचा स्प्रे नव्हे. तो आतला ग्रीस धुऊन नेतो आणि धूळ धरून ठेवणारा तेलकट थर मागे सोडतो.

आल्डरपुराण

मिडल पिकअप उलट वेढ्यांचा आहे का? स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या जागांवर गुणगुण थांबायला हवी ना?

कथील_आणि_डाग

कानानं तपासा, अर्ध्या मिनिटाचं काम. अँपचा गेन वाढवा, तारा हातानं दाबून ठेवा, स्विच नेकवर ठेवून गुणगुण ऐका, मग नेक-मिडल जागेवर न्या. स्पष्ट कमी झाली तर मिडल उलटा गुंडाळलेला आहे. तशीच राहिली तर नाही. स्प्लिट करून ब्रिज-मिडलला हीच चाचणी केली की हंबकरचं कुठलं कॉइल जिवंत ठेवलंय याचाही अंदाज येतो. नक्की बघायचं तर अँप हळू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरनं हंबकरच्या दोन्ही रांगांवर टकटक करा. जी रांग मोठ्यानं टकटकते ती जिवंत.

सहावी_ढिली

पिकअप बदलायचेत. पॉट पण सोबत बदलू का? ५०० के (किलोओहम) की २५० के?

कथील_आणि_डाग

आधी आत काय आहे ते मोजा. पॉटच्या बाहेरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबल काढलेली. पिकअप जोडलेला असताना आकडा खोटा येतो, म्हणून स्विचकडून येणारी वायर सोडवून मोजा. ५०० के ला वरची पट्टी मोकळी राहते, हंबकरला ते बरं, सिंगल कॉइल जरा टोचतात. २५० के ला उलट. एचएसएस मध्ये दोन्ही तडजोडीच आहेत. टोन कॅपॅसिटरवर २२३ लिहिलं असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड, ४७३ असेल तर ०.०४७. दुसऱ्यात टोन बंद केल्यावर आवाज जास्त घुमा होतो.

पॉट विकत घेताना गोची होते ती आकाराची. आशियाई गिटारींत बहुधा ८ मिमीच्या आट्यांचे पॉट असतात, अमेरिकन धाटणीच्या मोठ्या पॉटचा गळा साडेनऊ मिमीचा, तो पिकगार्डच्या भोकात जात नाही. भोक मोठं करावं लागतं, आणि ते ड्रिलनं नाही, रीमरनं किंवा गोल कानशीनं. ड्रिल प्लास्टिकमध्ये अडकलं की पिकगार्ड तडकतो. शाफ्टवरचे दातेही वेगळे, जुना नॉब नव्या पॉटवर बसेलच असं नाही.

नव्या पिकअपचा ओहम आकडा जॅकवरून मोजणार असाल तर लक्षात ठेवा, व्हॉल्यूम पॉट समांतर जोडलेला असतो. ८ किलोओहमचा पिकअप ५०० के च्या पॉटसह ७.८७ दाखवतो. पिकअप खराब नाही, गणित तसं आहे.

आणि एक आगंतुक सल्ला: पिकअपऐवजी आधी ट्रेबल ब्लीड लावून बघा. व्हॉल्यूम ७ वर आणला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो ना? लांब केबलची कपॅसिटन्स, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, वरची पट्टी खाते. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायावर १५० किलोओहम आणि १०२ छापलेला, म्हणजे १००० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर समांतर जोडून डाग द्या. वीस रुपयांच्या आतलं सामान.

रत्नांग्रीकर

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. खाऱ्या दमट हवेत या गिटारचं पहिलं काय सडतं? सॅडलच्या उंचीचे बारीक ऍलन स्क्रू. आतला षटकोन गंजला की की फिरते आणि स्क्रू तसाच. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, जास्तीचं फडक्यानं टिपून घ्या. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसा, खालून पण. गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के हे लक्ष्य. कोकणात जुलैत ते गाठणं अवघडच, पण ७० च्या खाली राहिलं तरी पुष्कळ.

देशावर आणि विदर्भात उलटा त्रास. कोरड्या उन्हाळ्यात बोर्डाचं लाकूड आक्रसतं, फ्रेट आक्रसत नाहीत, आणि त्यांची टोकं नेकच्या कडेला करवतीसारखी लागतात. लगेच कानस घेऊन बसू नका. गिटार दोन आठवडे योग्य दमटपणात ठेवून बघा. कायमच बाहेर राहिली तरच टोकं घासा. कूलरच्या झोतासमोर किंवा एसीखाली स्टँड ठेवला की दिवसात दोनदा लाकूड फुगतं-आक्रसतं, ते सगळ्यांत वाईट.

रोझवूड बोर्डला वर्षातून एक-दोनदा खनिज तेलाचा हात पुरे. खोबरेल नको, ते खवट होतं आणि फ्रेटच्या कडेला चिकट काळा थर धरतो. मेपल बोर्डला तेल लावायचंच नाही, त्यावर फिनिश असतं.

पाव_मिमी

ऋतू बदलला की नेकचा बाकही बदलतो, हे यात जोडा. पावसाळा लागताना आणि संपताना, असा वर्षातून दोनदा फीलर गेज काढा.

तारसप्तक

नटबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि ११२व्ही चा सगळ्यांत कच्चा दुवा तोच आहे. चाचणी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. साध्या कागदाच्या जाडीइतकी फट हवी. तिथून पोस्टकार्ड आरपार जात असेल तर नटची खोबण उंच आहे. अशा गिटारवर ओपन ई सुरात आणि एफ कॉर्ड मात्र चढा, अशी गंमत होते. नवशिक्याला वाटतं आपली बोटं कच्ची.

दुसरी चाचणी: तिसरी तार सुरात घेताना "टिंग" असा आवाज करून सूर उडी मारतो का? म्हणजे खोबणीत तार अडकते. तात्पुरता उपाय, ६बी पेन्सिलीचं शिसं खोबणीत घासणं. कायमचा उपाय नट फाइलनं खोबण साफ करणं, हेडस्टॉककडे थोडा उतार देऊन. खोबणीचा तळ आधी हळूहळू, एका वेळी दोन-तीन घासे, मग तार बसवून मोजणं. जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नटच बदलावा लागतो. ०९-४२ वरून १०-४६ वर जाणार असाल तर खोबणी रुंद करणं आलंच.

सहावी_ढिली

१०-४६ वर जायचंच आहे. आणखी काय बदलतं?

पाव_मिमी

एकूण ताण साधारण ३८ किलोवरून ४७ किलोच्या आसपास जातो. ब्रिज पुढे झुकतो, नेकचा बाक वाढतो, तारा उंच होतात. म्हणजे वरची सहाच्या सहा पावलं परत, दुसरी आणि तिसरी तर नक्कीच. अर्धा स्वर उतरवून वाजवणार असाल तर मात्र ताण बराचसा जुन्या जागी येतो आणि काम थोडक्यात भागतं.

टेलीप्रेमी

मूळ धाग्याच्या "वर्षभर काही बदलू नये" याला माझा एक अपवाद. ट्रेमोलो खरोखर रोज वापरणाऱ्यांनी ब्रिज बदलावा. पण विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी मोजा. पहिल्या ते सहाव्या तारेचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर सॅडलवर: बाजारात ५२.५, ५४ आणि ५६ मिमीचे ब्रिज मिळतात, चुकीचा घेतला तर कडेच्या तारा फ्रेटवरून खाली घसरतात. सहा स्क्रूंमधलं अंतर. आणि ब्लॉकची उंची: लांब ब्लॉक मागून बाहेर डोकावतो, झाकण बसत नाही. ४१ मिमीच्या नटला अरुंद ब्रिजच शोभतो.

कथील_आणि_डाग

सगळ्यांसाठी एक सूचना, यात थट्टा नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात, आणि ती अर्थ केबलमधून अँपच्या चासीला. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर २३० व्होल्ट तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकतात. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापू नका, दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका, सॉकेट टेस्टरनं तपासून घ्या. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, ते ठीक. हात लावल्यावर वाढते किंवा मायक्रोफोनला ओठ लागल्यावर चावते, तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वीजतंत्री बोलवा.

गुणगुण फारच असेल तर पोकळीला तांब्याची टेप. चिकटणारी बाजूही वीजवाहक आहे अशीच घ्या, जोडांवर डागाचा एक ठिपका द्या, पिकगार्डच्या मागच्या फॉइलला टेकेल अशी एक जीभ काठावर आणा, आणि सगळं मल्टिमीटरनं अर्थशी जोडलंय का ते बघा. अर्थ न जोडलेली टेप गुणगुण कमी करत नाही, कधी कधी वाढवते.

निवांत_बेसूर

जुनी घेतोय, शनिवारी बघायला जायचंय. काय काय बघू?

तारसप्तक

बॉडीच्या कडेनं नेककडे एका डोळ्यानं बघा, बाक चालेल, पीळ चालणार नाही. पहिल्या तीन फ्रेटवर पहिल्या-दुसऱ्या तारेखाली खड्डे आहेत का ते नखानं चाचपा. प्रत्येक फ्रेटवर पहिल्या तारेला पूर्ण स्वराचा बेंड द्या, कुठे सूर मरतो ते टिपा. पाचही जागा, नॉब आत आणि बाहेर. जॅकमध्ये केबल हलवा: आवाज तुटत असेल तर जॅकचं नट ढिलं आहे, आणि बाहेरून नुसतं पिळत राहिलं की आतला जॅक फिरून वायर तुटते. प्लेट काढून आतून धरूनच आवळायचं. ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा तरी फिरतो का ते विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा.

आर्म मागून घ्यायला विसरू नका. आर्म हरवलेली गिटार हमखास भेटते, आणि मग बाजारातला हाताला येईल तो आर्म लोक बळेच पिळतात. आटे मेट्रिक आणि इंची असे दोन्ही मिळतात. दोन फेऱ्यांत सहज गेला नाही तर थांबा, ब्लॉकमधले आटे मेले तर तो सगळा ब्लॉकच बदलावा लागतो.

टेलीप्रेमी

आर्म मिळाला पण लुळा पडत असेल, तर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दीड-दोन वेढे, आर्म ज्या दिशेनं आत जातो त्याच दिशेनं. उलटी गुंडाळली तर पिळताना सगळी गोळा होऊन भोकाच्या तोंडाशी येते.